सबवूफर कुणासाठी?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझे शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झाले. घरी वसमतची मराठी आणि शाळेत मराठी शब्द तोंडातून निघाला की एक रुपया दंड, अशी माझी वाढ. एकोणसत्तर म्हणजे नेमके किती आणि एकोणऐंशी म्हणजे किती, हे मला अजूनही मनातल्या मनात इंग्रजीत म्हणून बघावे लागते. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागाची नोटीस लागली आणि मी नाव दिले, तेव्हा रूममेट हसून लोळायचीच बाकी राहिली. "तू? मराठीत?" हो, मीच. आणि विषय पण असा घेतलाय की ज्याला मराठीत शब्दच नाही. सबवूफर!

विषय उगाच निवडलेला नाही. गेल्या सेमिस्टरला आपल्या होस्टेलमध्ये याच डब्यावरून भांडण झाले, प्रकरण रेक्टर मॅडमपर्यंत गेले आणि 'कोणत्याही खोलीत कोणताही स्पीकर आढळल्यास जप्त करण्यात येईल' अशी नोटीस लागली. हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात तोच प्रकार आमच्या खोलीत झाला होता आणि आम्ही पकडले गेलो नव्हतो, हे फार थोड्यांना माहीत आहे.

झाले असे की मैत्रिणीचा वाढदिवस होता. कुणीतरी घरून टू-पॉइंट-वन सेट आणला होता, म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि एक सबवूफर. दार बंद, खिडक्या बंद, आवाजही बेताचा. निदान आम्हाला तसे वाटत होते. सकाळी ब्रश करायला गेले तर शेजारच्या खोलीतली मुलगी चादर आणि वही काखेत मारून मेसच्या हॉलमधून येत होती. त्या दिवशी तिचा मॅथ्स-थ्रीचा बॅकलॉगचा पेपर होता. मी विचारले, "आमच्या गाण्यांमुळे झोप नाही झाली का?" ती अजिबात चिडली नाही. म्हणाली, "तुमची गाणी कुठे ऐकू येत होती गं? नुसतं धप् धप् येत होतं. गाणं आलं असतं तर ऐकत ऐकत झोपले तरी असते."

तो पेपर तिचा पुन्हा राहिला. आमच्यामुळे राहिला का? सांगता येत नाही. मॅथ्स-थ्री सबवूफरशिवायसुद्धा राहतो. पण तिचे ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. गाणे आमच्याकडे राहिले आणि धप् धप् तिच्याकडे गेले. असे का होते?

याचे उत्तर मला होस्टेलमध्ये नाही, सुट्टीत घरी मिळाले. तेच सांगायला हा लेख.

आमच्या घरी बाबांचा जुना डेक आहे. एक ॲम्प्लिफायर, एक कॅसेट डेक आणि पाच इंची वूफरचे दोन स्पीकर. बाबांनी तो लग्नानंतर पहिल्यांदा हळदीची चांगली पट्टी आली तेव्हा घेतला. (वसमत आणि हळद यांचे नाते सांगायला नको.) त्या डेकवर आमच्या घरात एकच गोष्ट मनापासून ऐकली जाते, ती म्हणजे आबांच्या कॅसेट. आबा म्हणजे माझे आजोबा. ते पखवाज वाजवायचे. नर्सीला, म्हणजे संत नामदेवांच्या गावी, आणि आजूबाजूच्या सप्त्यांत त्यांची साथ असायची. त्यांतल्या एका सप्त्यात मंडपवाल्याने थेट मिक्सरवरून दोन कॅसेट भरून दिल्या होत्या. आबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यांचा चेहरा मला फोटोतला आठवतो, पण पखवाज अजिबात आठवत नाही.

आणि गंमत म्हणजे त्या कॅसेटमध्येसुद्धा पखवाज धड ऐकू यायचा नाही! टाळ ऐकू यायचे, बुवांचा आवाज यायचा, पखवाजाच्या उजव्या हाताची टणटण यायची. डावा हात मात्र गायब. आजी ऐकायची आणि दर वेळी म्हणायची, "अर्धंच वाजायलंय माय." आम्हाला वाटायचे कॅसेट जुनी झाली.

दुसऱ्या वर्षाला सिग्नल्स अँड सिस्टिम्स शिकले आणि डोक्यात किडा वळवळला. कॅसेट लॅपटॉपवर घेतली आणि ऑडॅसिटीमध्ये तिचा स्पेक्ट्रम पाहिला. शंभर हर्ट्झच्या खाली चांगला उंचवटा होता! म्हणजे आबांचा डावा हात कॅसेटमध्ये शाबूत होता. तो बाहेर येत नव्हता तो स्पीकरमधून. पाच इंची वूफर ८० हर्ट्झच्या आसपास दमायला लागतो आणि त्याच्या खाली जवळजवळ हात टेकतो. (बरे झाले ऐंशीच आहे, एकोणऐंशी नाही.) माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून पुढे ऐकू येते. म्हणजे सर्वांत खालचे दोन सप्तक आमच्या बैठकीत कधी वाजलेच नव्हते.

सबवूफरचे खरे काम एवढेच आहे. जे रेकॉर्डिंगमध्ये आहे पण आपल्या स्पीकरच्या आवाक्यात नाही, ते परत आणून देणे. नवीन काही घालणे नव्हे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग सुरू झाली खरेदी. दुकानात गेल्यावर पहिला धडा मिळाला. खोक्यावर भले मोठे अक्षर: '३००० वॅट पीएमपीओ'! दुकानदार मला सोडून माझ्या धाकट्या भावाला माहिती देत होता, जो आठवीत आहे. मी खोक्यातला ॲडॉप्टर काढून पाहिला. १२ व्होल्ट, २ ॲम्पिअर. गुणाकार करा. २४ वॅट! जो डबा भिंतीतून २४ वॅट घेतो तो ३००० वॅट बाहेर कुठून टाकणार? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शाळेतच झालेला असतो, पण खोक्यासमोर उभे राहिले की आपण तो विसरतो. पीएमपीओ हा क्षणभराच्या शिखराचा फुगवलेला आकडा आहे, त्याला ठरलेले मापच नाही. बघायचा तो आरएमएस. मी शेवटी नांदेडला एक जुना, आठ इंची, स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला सबवूफर घेतला.

बाबांच्या जुन्या ॲम्प्लिफायरला सबवूफरसाठी वेगळे आउटपुट नाही. बहुतेक जुन्या सेटना नसतेच. पण त्यामुळे नवा सेट घ्यायची गरज नाही. सबवूफरला स्पीकर-लेव्हलचे इनपुट असेल तर जिथून स्पीकरच्या वायरी निघतात तिथूनच आणखी दोन जोड्या काढून त्याला द्यायच्या. तो त्यातला फक्त खालचा भाग स्वतःसाठी घेतो, स्पीकर पहिल्यासारखेच चालू राहतात. (जोडताना सेट बंद ठेवा आणि प्लस-मायनस नीट बघा, नाहीतर ॲम्प्लिफायरला नमस्कार करावा लागेल.)

जोडला. जागा कमी, म्हणून कोपऱ्यात सरकवला. आणि आपण सगळे करतो तेच मीही केले. नॉब पूर्ण उजवीकडे! मांडणीवरचे ताटवाट्या थरथरायला लागले, खिडकीची काच झणझणली, भाऊ नाचायला लागला. आजी आतून पदर सावरत आली आणि म्हणाली, "काहून एवढं धाडधाड लावलंस माय? हे काय ह्यांचं वाजवणं हाय का? दारात ट्रॅक्टर चालू ठेवल्यावाणी वाटायलंय."

मला राग आला. एवढे पैसे घालून, एवढी खटपट करून हे ऐकायचे? पण पुन्हा ऐकले तर आजीचेच बरोबर होते. प्रत्येक बोल एकाच सुरात 'हुम्म' असा घुमत होता. डावा हात आला होता, पण तो आबांचा नव्हता. तो आमच्या बैठकीचा होता.

याचे कारण पुस्तकात आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ५० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी झाली जवळजवळ सात मीटर! आपल्या घरातल्या खोल्याच तेवढ्या नसतात. लाट भिंतीवर आपटून परत येते आणि काही ठराविक फ्रिक्वेन्सींना स्वतःवरच रचली जाते, यालाच आपण स्टँडिंग वेव्ह म्हणतो. चार मीटर लांबीच्या खोलीत पहिली अशी फ्रिक्वेन्सी ४३ हर्ट्झच्या आसपास येते. तेवढा एक सूर खोली स्वतःच ओरडून सांगते, आणि खोलीच्या मधोमध उभे राहिले तर तोच सूर जवळजवळ नाहीसा होतो. कोपरा तर सगळ्यांत वाईट, कारण तिथून खोलीच्या एकूण एक स्टँडिंग वेव्ह पेटतात. दुकानदार 'कोपऱ्यात ठेवा, बेस वाढतो' म्हणतो ते खोटे नाही. बेस वाढतोच. पण गाण्याचा नाही, खोलीचा.

उपाय मजेशीर आहे. सबवूफर उचलून ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचे. जिथे पखवाज सगळ्यांत स्वच्छ ऐकू येईल तिथे मग सबवूफर ठेवायचा. बोलणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी मधली वाट तीच राहते, म्हणून हे जमते. मी आजीच्या खुर्चीवर सबवूफर बसवला आणि गुडघ्यांवर बैठकभर रांगू लागले. आजी दारातून बघत होती. "काय हरवलं माय?" मी म्हटले, "आबांचा डावा हात शोधायलेय." ती काही बोलली नाही, पण जाऊन मोडा घेऊन आली आणि दारातच बसली.

जागा सापडली कपाटाच्या बाजूला, भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर. मग क्रॉसओव्हरचा नॉब १२० वरून ८० च्या जवळ आणला, कारण त्याच्या वरचे काम स्पीकर करतातच. एकाच कामाला दोघे लागले की गोंधळ होतो, हे आपल्या प्रोजेक्ट ग्रुपवरून ठाऊक आहेच. फेजचे बटण दोन्ही बाजूंना करून बघितले आणि जिथे डावा हात भरदार वाटला तिथे ठेवले. सगळ्यांत शेवटी आवाज. या वेळी शून्यापासून सुरुवात करून हळूहळू वर नेला. ज्या क्षणी 'आता सबवूफर वाजतोय' असे जाणवले तिथे थांबले आणि थोडी मागे आले.

आता सबवूफर ऐकूच येत नव्हता. आवाज त्या दोन स्पीकरमधूनच येतोय असे वाटत होते. ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, त्यामुळे एकच सबवूफर पुरतो आणि तो लपून राहू शकतो. पण बंद केला की बैठक एकदम रिकामी व्हायची. चांगल्या लागलेल्या सबवूफरची माझ्या मते हीच खूण. चालू असताना जाणवत नाही, बंद केला की उणीव भासते.

आजीने कॅसेटची एक बाजू पूर्ण ऐकली. मग म्हणाली, "त्या दिवशी कणीक सैल झाली होती बघ."

मला काही कळले नाही. तेव्हा तिने सांगितले. पखवाजाच्या डाव्या तोंडावर वाजवण्याआधी ओल्या कणकेचा गोळा थापतात. आबा बैठकीला निघायचे तेव्हा कणीक मळून द्यायचे काम आजीचे. घट्ट झाली तर पानावर धरत नाही, सैल झाली तर आवाज दबतो. त्या सप्त्याच्या दिवशी घाईत पाणी जास्त पडले होते आणि आबा घरी येऊन चिडले होते! इतक्या वर्षांपूर्वीची सैल कणीक तिने त्या दिवशी कानाने ओळखली. आमच्या पाच इंची स्पीकरमधून ती कधीच कळली नसती. आणि माझ्या फुल्ल व्हॉल्यूममधूनही कळली नसती.

कणीक काय करते? पानाचे वजन वाढवते. ताण तोच आणि वजन जास्त, की कंपनांची फ्रिक्वेन्सी खाली येते. आपल्या व्हायब्रेशन्सच्या पेपरातला हा प्रश्न वारकरी मंडळी कित्येक पिढ्या हाताने सोडवतायत. आपल्या चर्मवाद्यांवर असे वजन चढवले की त्यांचे सूर एकमेकांशी कसे जुळतात, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये लिहिले होते. पण मला रामन यांच्याइतकीच आजीची गोष्ट महत्त्वाची वाटते. कणीक चिमटी-चिमटीने लावतात. थोडी लावायची, वाजवून बघायचे, पुन्हा थोडी, जास्त झाली तर काढायची. पखवाजी कधी अख्ख्या परातीची कणीक पानावर थापत नाही. बेस वाढवायची आपली रीत मात्र परातच थापायची!

आता पुन्हा होस्टेलच्या भिंतीकडे येऊ. गाणे आमच्याकडे आणि धप् धप् तिच्याकडे, हे का? भिंत सगळ्या आवाजांना सारखी अडवत नाही. ढोबळ नियम असा की फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की भिंतीची अडवण्याची ताकद सुमारे ६ डेसिबलने कमी होते. गायिकेचा आवाज, शब्द, बासरी हे सगळे विटा आणि प्लास्टर गिळून टाकतात. खालचे सूर आरपार जातात. वर शेजारची खोलीही दहा बाय बाराचीच, तिच्याही स्वतःच्या स्टँडिंग वेव्ह. म्हणजे आम्ही तिला गाण्यातली सगळी मजा काढून घेऊन फक्त चोथा पाठवत होतो, तोही तिच्या खोलीत पुन्हा घुमवून.

'पण आम्ही तर आवाज कमी ठेवला होता!' हे मीच म्हणाले होते. कमी आवाजात आपल्या कानाला बेस आणखी कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले. जुन्या ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचे बटण असते ते याचसाठी. मग आपण काय करतो? आवाज कमी ठेवतो आणि बेस वाढवतो. शहाणपण केले असे वाटते, आणि भिंतीपलीकडे तेवढेच जाते.

कुणी म्हणेल, मोबाइलवर डेसिबलचे ॲप टाकून मोजा, नियमात बसले की झाले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते ६. पण ही मर्यादा ज्या डेसिबलमध्ये आहे ते 'ए' वेटिंगचे असतात आणि त्यात ५० हर्ट्झचा आवाज जवळजवळ ३० डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे नुसते धप् धप् असेल तर मीटर शांत बसेल आणि शेजारीण जागी राहील! लग्नाच्या वरातीत डीजेपुढे उभे राहून ज्यांच्या छातीत धडधडले आहे त्यांना मीटरची ही गोष्ट वेगळी सांगायला नको. मीटर हवाच, पण बेसचा न्याय एकट्या मीटरकडून होत नाही. तो भिंतीपलीकडच्या माणसालाच विचारावा लागतो.

यावर मित्रांचा नेहमीचा सल्ला, "एवढं कशाला? हेडफोन लाव ना!" लावते की. अभ्यासाच्या दिवसांत रोज लावते. पण त्या दिवशी मी हेडफोन लावून ऐकत बसले असते तर आजी दारात येऊन बसली नसती आणि कणकेची गोष्ट मला कधी कळली नसती. चार माणसांनी एकत्र बसून ऐकण्याची गोष्ट वेगळी आहे, ती जपायला हवी असे मला वाटते.

कुणाला वाटेल, एवढ्या खालच्या सुरांसाठी एवढा कीस कशाला पाडायचा? त्यांना मी आमच्या हिंगोली जिल्ह्याकडे बोट दाखवीन. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची वेधशाळा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली तेव्हाची. ती होती जेमतेम ०.२ सेकंदाची, ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेलेली. लहर आवाजाची नव्हे, पण शास्त्रज्ञांनी तिचा आवाज करून ऐकवला. मी तो लॅपटॉपवर लावला तर शेवटी नुसते 'टुक्' झाले. घरच्या सेटवर लावला तेव्हा 'टुक्'च्या आधी खालून काहीतरी वर उठत येताना कळले. मोबाइलवर ऐकणाऱ्यांना कळावे म्हणून शास्त्रज्ञांना त्याची फ्रिक्वेन्सी वर सरकवून दुसरी आवृत्ती काढावी लागली. बघा, विश्वातल्या एवढ्या मोठ्या घटनेचा निम्मा भाग आपल्या खिशातल्या स्पीकरला सांगताच येत नाही!

आणि याच वेधशाळेची दुसरी बाजू अशी की तिचा सगळ्यांत मोठा शत्रूही खालच्या फ्रिक्वेन्सीचीच थरथर आहे. दूरच्या रस्त्यावरची वाहने, रेल्वे, फार काय समुद्राच्या लाटा, या सगळ्यांची जमिनीतून येणारी थरथर अडवण्यासाठी अमेरिकेत ४० किलोचे आरसे एकाखाली एक चार लोलकांच्या साखळीने टांगले आहेत. जागा निवडताना जमीन किती शांत आहे हे आधी पाहिले जाते. आमच्या जिल्ह्याला मागास म्हणून नाव ठेवणारे खूप आहेत. पण एवढ्या मोठ्या कामासाठी औंढ्याची निवड झाली त्यात तिथल्या शांततेचा वाटा आहे. शांतता हीसुद्धा एक संपत्ती आहे, असे मला तेव्हापासून वाटायला लागले. होस्टेलमध्ये ती आपण रोज रात्री थोडी थोडी चोरतो.

आता रेक्टर मॅडम आणि वॉर्डन सरांना नम्र विनंती. सरसकट जप्तीचा नियम बदलावा. कारण सरसकट बंदी आली की लपवाछपवी येते. आज मोबाइलचा छोटा स्पीकर आणि सबवूफर दोन्ही सारखेच गुन्हेगार आहेत, म्हणून जिला लावायचाच आहे ती सबवूफरच लावते! त्याऐवजी असे करून बघावे. एक, खोलीत सबवूफर अजिबात नको. दिवसाही नाही, कमी आवाजातही नाही. छोटा स्पीकर ठराविक वेळेत चालू द्यावा, त्याला भिंत बऱ्यापैकी अडवते. दोन, कॉमन रूममध्ये एक बरा सेट आणि एक सबवूफर असावा. नवा घ्यायची गरज नाही. टीव्हीशेजारी धूळ खात पडलेला ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला ई अँड टीसीच्या आम्ही मुली तयार आहोत. जागा रांगून शोधू, नॉब लावू आणि त्यावर चिकटपट्टी लावून टाकू. तीन, रात्री साडेनऊला बंद. आणि चार, आवाज किती ठेवायचा हे सेटसमोर बसलेल्यांनी ठरवायचे नाही. एकीने कॉमन रूमच्या भिंतीपलीकडच्या खोलीत दार लावून बसायचे आणि ती म्हणेल तिथे नॉब थांबवायचा.

हे शेवटचे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. आजवर आपण आवाज नेहमी स्वतःच्या कानाने ठरवला. सबवूफरच्या बाबतीत आपला कान हा एकच पुरावा धरणे म्हणजे स्वतःचा पेपर स्वतः तपासणे. घरी माझा पेपर आजीने तपासला आणि पहिल्या वेळी सरळ नापास केले. म्हणून तर दुसऱ्यांदा बसले.

मॅथ्स-थ्रीवाल्या मैत्रिणीला मी हा लेख आधी वाचायला दिला. मराठीच्या चार चुका तिनेच सुधारल्या. (उरलेल्या माझ्या.) मी तिची माफी मागितली तर म्हणाली, "माफी राहू दे, आबांची कॅसेट आण." परवानगी मिळाली तर कॉमन रूममध्ये पहिली ती कॅसेट लावू. भिंतीपलीकडे बसायचे काम तिचे. तिकडे नुसते धप् धप् आले तर तिने दार वाजवायचे, आणि मी नॉब मागे घ्यायचा. पटतंय का बघा!